चंद्रावर गेलेला जॉबर

आमच्या शिवण्णाचा आवाज लई मोठा हुता. घरात पाणी मागितलं की पलीकडच्या गल्लीतली बाई तांब्या घेऊन यावी, एवढा. लोक मला इचारायची, भुवनेश्वरी, तुजा भाऊ सारखा भांडत कसा असतो गं? अवो, भांडत न्हवता बिचारा. सारा जन्म यंत्रमागाच्या खटखटीत काढला की माणसाचं कान जातंय, आन कान गेलं की आवाज वाढतोय. सोलापुरात असली माणसं गल्लीगल्लीत हायती. त्येंना आमी बहिरं म्हणत न्हाई, कारखान्यातलं म्हणतो.

शिवपुत्र त्येचं नाव. मी धाकटी बहीण. आमी मूळ कर्नाटकाच्या शिवेजवळच्या मैंदर्गीचं. घरात कानडी, बाहेर मराठी, आन राग आला की दोन्ही. बाप गेल्यावर आमच्या अव्वानं, म्हंजे आईनं, आमा दोघांना घेऊन सोलापूर गाठलं. ती विड्या वळायची. शिवण्णाला मिसरूड फुटायच्या आत अक्कलकोट रोडच्या एका कारखान्यात लावला. आदी सुताच्या कांड्या भरल्या, मग माग चालवला, शेवटी जॉबर झाला. जॉबर म्हंजे माग बिघडला की दुरुस्त करणारा. टॉवेलाचं माग, चादरीचं माग. कारखान्यात तोंडानं बोललेलं कुणाला ऐकू येत न्हाई, तितं सगळं हाताच्या खुणांनी चालतंय. चहा आला, धागा तुटला, मालक आलाय, मालक गेला बसा आता, सगळ्याला खूण हाय. त्यो घरात बी तसाच. भाकरी हातानं मागायचा आन मिठाला मात्र बोंब मारायचा. मी चिडायची, अव्वा हसायची.

लग्न झालं न्हाई त्येचं. दोनदा ठरता ठरता मोडलं. एकदा वैरागला पोरगी बघायला गेलो. ह्यो पोरीच्या बापाशी पावसापाण्याचं बोलायला लागला, आन त्यो बाप घाबरून मला म्हणतो, बाई, आमाला तुमची मागणी झेपायची न्हाई, पण पावणं चिडलेत कशापायी? येताना एसटीत आमी दोघं पोट धरून हसलो. पुढं मीच नवरा गेल्यावर माहेरी परत आले, शिलाई मशीन घातली, शाळेचे गणवेश शिवायला लागले. मग अव्वा, त्यो आन मी. बरं चाललं हुतं.

मग दम लागायला लागला. सुताचं बारीक तूस छातीत बसत बसत गेलं हुतं, एवढ्या वर्सांचं. दवाखान्यातल्या डॉक्टरनं फोटो काढला आन सांगितलं, निम्मी छाती गेली. जी ऱ्हायली ती सांभाळा. धूळ न्हाई, धूर न्हाई, जिना चढायचा न्हाई. आन तोंडात मारायचा पंप दिला, दम कोंडला की वढायचा. कारखाना सुटला. शिवण्णा दाराम्होरच्या कट्ट्यावर बसायला लागला. येणारं-जाणारं इचारायचं, काय जॉबर, बरं हाय का? त्यो म्हणायचा, "भंगारवाल्याची वाट बगतोय." मोठ्यानं म्हणायचा, सगळी गल्ली ऐकायची. मला आत मशीनवर बसल्या जागी रडू यायचं.

चंद्राचं येड त्येला तवाच लागलं. रिकामा माणूस, हातात मोबाईल. चंद्रयान उतरलं त्या दिवशी, तेवीस सालच्या ऑगस्टमदी, आमी दोगं नव्या पेठेत रिळं आणायला गेलतो. टीव्हीच्या दुकानाम्होरं ही गर्दी. आत कोण काय सांगत हुतं ते शिवण्णाला ऐकू येत न्हवतं, पण पडद्यावर एक रेघ खाली खाली येत हुती तिच्यावर त्येनं डोळं लावलं हुतं. चार वर्सांमागं आदलं यान अगदी शेवटाला पडलं हुतं, तवा हा माणूस दोन दिस नीट जेवला न्हवता. ह्या खेपेला ते उतरलं. लोक नाचायला लागली, कुणी पेढं वाटलं. शिवण्णा भर रस्त्यात, रिक्षांच्या मदी, लहान पोरासारखा रडला. "बग भुवने," म्हणाला, "उतरलं. कुटं बी न धडकता उतरलं." मी म्हणलं, व्हय रे बाबा, उतरलं, आता बाजूला हो, रिक्षा येतीय.

त्येच्या पाठोपाठ गणपती आलं. आन आला प्रभुलिंग.

प्रभुलिंग आमच्या गल्लीच्या मंडळाचा अध्यक्ष. वय असंल तिशीचं, गळ्यात चेन, कानाला सदा फोन. त्या साली गावातल्या निम्म्या मंडळांनी चंद्रयानाचाच देखावा करायचं धरलं हुतं. मग ह्येचा वेगळा कसा दिसायचा? तर ह्येनं ठरवलं, यानातनं माणूस उतरवायचा. पांढऱ्या कपड्यातला, काचेच्या टोपातला, हातात झेंडा. शिवण्णा म्हणाला, "आरं, चंद्रयानात माणूस न्हवता की. यंत्र गेलतं."

"अण्णा, यंत्र बघायला कोण थांबतंय?" प्रभुलिंग म्हणाला. "माणूस पायजे. पब्लिक माणसाला थांबती."

मग माणूस कोण? पोरं सगळी मिरवणुकीच्या लेझमात. कट्ट्यावर एकच माणूस रिकामा बसलेला. मी दारातनं ऐकत हुते, तशीच बाहेर आले. म्हणलं, प्रभुलिंगा, त्येला दमा हाय. डॉक्टरनं धूर बंद सांगितलाय. तू तितं धुराचं मशीन लावणार, टोप घालणार. दुसरा बग. प्रभुलिंग म्हणाला, अक्का, धूर नुसता पायापाशी, टोपाला भोकं ठेवू, दोन खेळांच्या मदी टोप काढू, पंप मी सोता हातात धरून हुबा ऱ्हातो. आन शिवण्णा? त्येचं तोंड फुललं हुतं. कट्ट्यावर बसल्यापास्नं त्येला कुणी कशाला बोलावलंच न्हवतं. "भुवने, कपडा तूच शिव," म्हणाला. शिवला मी. त्येच्या मापाचा पांढरा रेक्झीन, आतनं फोम, बाह्यांना कडी. मी न्हाई म्हणाले असते तर त्यो दुसरीकडनं शिवून घेऊन आला असता, आन गळ्यापाशी आवळला असता.

मग सुरू झाला त्येचा सराव. मोबाईलवर चंद्रावर गेलेल्या अमेरिकेच्या माणसांचं जुनं व्हिडिओ. आजवर बारा जणं चंद्रावर चाललीत, शेवटची बाहत्तर साली, त्येच्यानंतर कुणी न्हाई, हे आमच्या घरातल्या मांजराला बी पाठ झालं हुतं. ती कशी उड्या टाकत चालतात, तसा ह्यो परसात चालायचा. मी म्हणायची, अण्णा, दम लागंल. त्यो म्हणायचा, "त्येंना बी लागायचा." चंद्रावरची धूळ म्हणं लई बारीक, कपड्याला चिकटून यानात यायची. टोप काढला की बंदुकीच्या दारूसारखा वास. एकाचं तर नाक चोंदलं, घसा धरला. हे कळल्यावर आमचा भाऊ असा खूश झाला, जसा लांबचा सोयरा सापडला. "भुवने! त्येंना बी तूस लागलं बग! चंद्रावर बी कारखानाच हाय!" लई दिसांनी त्येला एवढा हसताना बघितला. हसता हसता खोकला लागला आन पंप घ्यावा लागला.

चतुर्थीच्या दिवशी एक गंमत झाली. गणपती बसला, बाजूला ह्यो एवढा प्लास्टरचा चंद्र. गल्लीतल्या बायका बिथरल्या. आज चंद्र बघत न्हाईत, चोरीचा आळ येतो, आन तुमी दारातच मांडून ठेवलाय? शेवटी अव्वानं घरातनं मोठी चादर दिली आन पयला दिवस चंद्र चादरीखाली झाकून ठेवला. दुसऱ्या दिवशी चादर काढली आन खेळ सुरू झाले.

काय सांगू, गर्दी हटंना. पडदा उघडायचा, काळ्या कापडावर चांदण्या, रेकॉर्ड केलेला आवाज सांगायचा, एकोणसत्तर साली माणसाचं पयलं पाऊल, मग आपलं पयलं चंद्रयान, त्येनं पाण्याचा पत्ता लावला, मग पडलेलं दुसरं, मग उतरलेलं तिसरं. वरनं दोरीनं यान खाली यायचं, धूर सुटायचा, दार उघडायचं आन शिवण्णा बाहेर. सोनेरी काच, पाठीवर हवेची पेटी. त्या अमेरिकेवाल्यांच्या पेटीत हवा हुती, ह्येच्या पेटीत थर्माकोल. उड्या मारत म्होरं यायचा, झेंडा रोवायचा. आन एकदा पडायचा.

ती पडायची कल्पना त्येचीच. चंद्रावरची माणसं लई पडायची म्हणं. फुगलेल्या कपड्यात गुडघा वाकत न्हाई, दगडाला पाय लागला की पालथं. पण वजन सहावा हिस्सा, हातानं रेटा दिला की परत हुबं. शिवण्णानं तेच उचललं. झेंडा रोवायच्या आदी अडखळायचा, सावकाश पालथा व्हायचा, लोक हसायची, मग उसळी मारून उठायचा की टाळ्या. पोरं त्येला चांदमामा म्हणायला लागली. सकाळी कट्ट्यावर बसला की शाळेला जाणारी पोरं सलाम ठोकायची. त्यो बी ठोकायचा.

पण मी त्येचं कपडं धुवायची. बनियन पिळली की पाणी. रातचं झोपणं न्हाई, उशाला टेकून बसून ऱ्हायचा, छातीतनं शिट्टी. पंप महिनाभर पुरायचा त्यो आठवड्यात सपला. तिसऱ्या दिवशी कळलं की टोपाची भोकं चिकटपट्टीनं बुजवलीत. का? तर धूर आत जाऊन काच आतनं धुरकट व्हायची, फोटो चांगलं येत न्हवतं. मी मांडवात गेले आन प्रभुलिंगाला नको नको ते बोलले. त्येनं माझ्याम्होरं पट्टी काढली. मी पाठ वळवली की परत लावली असणार. घरी येऊन शिवण्णाच्या म्होरं बसले. तोंडाकडं बघून बोललं की त्येला कळायचं. "अण्णा, बास कर. छाती निम्मीच हाय. ती गेली तर मी आन अव्वा काय करायचं?"

त्येनं पंप हातातनं बाजूला ठेवला. "कट्ट्यावर बसून बी जातीयच की," म्हणाला. त्या येळी त्येचा आवाज बारीक हुता. मी त्येचा तसला आवाज कदी ऐकलेला न्हवता.

त्याच आठवड्यात बातमी आली. चंद्रावरची ती चौदा दिवसांची रात्र सपली हुती, बेंगळुरूची माणसं यानाला हाका मारत हुती, आन ते उठत न्हवतं. गारठ्यात गेलं असणार. शिवण्णाला वाटत हुतं की आवाजात हे बी घालावं, झोपलं म्हणून सांगावं. प्रभुलिंग म्हणाला, अण्णा, सणासुदीला अपशकुन कशाला? उतरलं एवढं बास. मग आवाजात ते उतरलेलंच ऱ्हायलं.

रविवारी देखाव्यांच्या स्पर्धेचे परीक्षक यायचे हुते. संध्याकाळच्या आरतीपास्नं येतील येतील म्हणत हुते. नव्या पेठेत त्या दिवशी पाय ठेवायला जागा न्हवती, ते कुटंतरी अडकलेले. दर खेपेला प्रभुलिंगाला वाटायचं, ह्या खेळाला येतील. म्हणून दोन खेळांच्या मदी टोप काढंना. आता काढला आन तेवढ्यात ते आले तर? टोपाची कडी गळ्यामागं लावलेली, हातात जाड मोजं, शिवण्णाला आपल्या हातानं टोप निघत न्हवता. पंप हातात धरून हुबा ऱ्हाणारा अध्यक्ष बोळाच्या तोंडाला पावण्यांची वाट बघत हुबा. मी घरात अव्वाला जेवू घालत हुते. पुढचं सगळं मला शिवण्णाच्या जुन्या सोबत्यानं, मायाप्पानं सांगितलं, आन मग गर्दीतल्या कुणीतरी मोबाईलवर काढलेलं मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. बघू नको म्हणत हुते सगळे. मी बघितलं.

परीक्षक आले. पडदा उघडला. धूर त्या दिवशी डबल. यान उतरलं, दार उघडलं, शिवण्णा बाहेर आला. दोन पावलं टाकली आन पडला. लोक हसली. उसळी मारून उठणार म्हणून सगळी वाट बघत ऱ्हायली. त्यो उठंना. मग त्येनं एक हात वर केला, आन पंजा उघडला, मिटला, उघडला, मिटला.

लोकांना वाटलं, चंद्रावरनं टाटा करतोय. अख्ख्या गर्दीनं हात वर करून त्येला टाटा केला. बापाच्या खांद्यावर बसलेल्या पोरांनी केला. परीक्षकांनी केला. एक बाई त्या मोबाईलच्या व्हिडिओत बोलती, आजून ऐकू येतंय, "कित्ती गोड!"

मायाप्पा मागं हुबा हुता. शिवण्णाच्या कारखान्यातला, बाजूच्या मागावरचा, सहज देखावा बघायला आलेला. त्येनं हात बघितला. पंजा उघड-मीट म्हंजे त्येंच्या कारखान्यात एकच. माग बंद कर. कुणाचा हात पट्ट्यात सापडला, कुणाचं धोतर वढलं गेलं, की हीच खूण, आन दिसली की आदी बटण दाबायचं, मग इचारायचं. मायाप्पा वरडला, "बंद कर! आरं बंद कर!" पण त्यो बी कारखान्यातलाच की. त्येचा आवाज सदाच मोठा. लोकांना वाटलं, म्हातारा पिऊन आलाय. त्येला माणसं बाजूला व्हईनात. कोपरानं रेटत, शिव्या खात, त्यो गर्दीतनं म्होरं येस्तवर खाली आवाज रेकॉर्डचा चालूच, भारत चंद्राच्या दक्षिण टोकापाशी उतरणारा पयला देश. व्हिडिओत दिसतंय, पंजा सावकाश झाला. मग उघडाच ऱ्हायला. टाळ्या तवा लई झाल्या.

सगळी सोंगं आणता येतात म्हणं, पैशाचं तेवढं येत न्हाई. मी म्हणते, दमाचं बी येत न्हाई.

मायाप्पानं टोप काढला तवा व्हट निळं हुतं. रिक्षात घातलं. दवाखान्याच्या दारात लोक अंतराळवीर आला म्हणून फोटो काढत हुती. आत कात्रीनं गळ्यापास्नं पोटापत्तोर कपडा कापला, छाती दाबली, नळी घातली. मी पोचले तवा डॉक्टरीणबाई हात धूत हुती. लहान पोरगी असंल, डोळं लाल. "मावशी," म्हणाली, "उशीर झाला." तिचा काय दोष?

आमच्या लिंगायतात जाळत न्हाईत. बसवून माती देतात, मांडी घालून, हातात लिंग. शिवण्णाला खड्ड्यात उतरवला तवा सगळी गल्ली आलती, प्रभुलिंग बी आलता, रडत बी हुता. लोक म्हणाली लिंगैक्य झाला. अव्वाला म्हातारपणानं कमी दिसतंय, तिनं हातानं त्येचं तोंड चाचपलं आन एकच बोलली. गणपती पडला तवा एकटा चंद्र हसला, त्येला शाप भोगावा लागला. माझं लेकरू पडलं तवा सारा गाव हसला. मी कुणाकुणाला शाप देऊ?

दुसऱ्या दिवशी मांडवाच्या बाजूला मंडळानं टेबल टाकलं. वर पाटी, प्रथमोपचार. बैल गेला आन झोपा केला. बक्षीस बी लागलं, उत्तेजनार्थ.

आन विसर्जनाच्या आदल्या दिवशी दुपारी प्रभुलिंग दारात आला. हातात मोठी पिशवी. मी मशीनवर न्हवते, नुसती बसले हुते. चपला काढून आत आला, अव्वाच्या पाया पडला, मग पिशवी माझ्या म्होरं ठेवली. त्यात त्यो पांढरा कपडा. गळ्यापास्नं पोटापत्तोर कापलेला, आतला फोम बाहेर आलेला.

"अक्का," म्हणाला, "मिरवणुकीत ट्रॉलीवर चंद्र काढायचाय. अण्णाच्या आठवणीतच. पोरांची लई इच्छा हाय. दुसरा माणूस बघितलाय, मापाचाच हाय. तेवढं शिवून मिळालं असतं तर... अण्णाला बी बरं वाटलं असतं."

माज्या तोंडाशी काय काय आलं हुतं ते मी हितं लिहिणार न्हाई. आत अव्वा हुती. मी म्हणलं, "ठेव. उद्या सकाळी ने."

संध्याकाळी मशीनवर बसले. पांढरा दोरा घातला. आदी पोटाची चीर शिवली, सरळ, आमच्या गणवेशाला असती तशी. मग गळा दोन्ही बाजूंनी जुळवला आन गळा शिवला. डोकं जायला जागा ठेवली न्हाई. मग दोन्ही बाह्या मनगटाशी शिवल्या. पाय शिवलं. वर परत एक शिलाई, आन त्येच्यावर परत एक, उसवायला गेलं तर रेक्झीनच फाटावं अशी. सुई दोनदा मोडली. अव्वानं आतनं इचारलं, काय शिवतीस गं सणाचं? मी म्हणलं, मंडळाचं काम हाय.

सकाळी प्रभुलिंग आला. पिशवी उघडून त्येनं कपडा काढला, हातात फिरवला. गळ्यात हात घालायला बघितला, जाईना. बाहीत बघितला. मग माज्याकडं बघितलं. मी बी त्येच्याकडं बघितलं. घाल की आता, कुणाला घालायचाय त्येला, असं म्हणायचं हुतं मला, पण म्हणावं लागलं न्हाई. त्येनं कपडा परत पिशवीत कोंबला आन चपला हातात घेऊनच बाहेर गेला.

मिरवणूक आमच्या दारावरनं गेली. लेझीम, हलगी, गुलाल. गणपतीच्या मागं ट्रॉली आली. चंद्र रिकामाच गेला.